राजधरचा बदलीवाला

आमच्या वस्तीतलं मंडळ दरवर्षी एक अंक काढतं. त्यात शुभेच्छांच्या जाहिराती जास्त आणि वाचण्यासारखं कमी असतं. यंदा मंडळवाल्यांनी माझ्याकडे लेख मागितला. विषय त्यांनीच ठरवून आणला होता, नियमित व्यायामाचे फायदे. माझी साखर उतरली, पोट आत गेलं, हे सुरतेतल्या आमच्या साऱ्या नवागामने पाहिलंय, तेव्हा मीच लिहावं म्हणे. फायदे लिहायला मला काही हरकत नाही. पडल्या पडल्या झोप लागते, जिना चढताना कठड्याला धरावं लागत नाही, बायकोशी भांडण निम्म्यावर आलंय. झाले फायदे. पण लिहायला बसलो की समोर राजधर पाटील उभा राहतो, बनियनवर, अनवाणी, आणि मला काही सुचू देत नाही.

तेव्हा आधी कबूल करून टाकतो. मी अकरा वर्षं या माणसावर जळत होतो. थोडाथोडका नाही, चांगला धडधडून जळत होतो.

राजधर माझ्याच वयाचा. त्याचं गाव शहाद्याकडचं, माझं तिथून दोन कोसांवर. दोघंही मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आलो आणि एकाच कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला लागलो. पुढे मी मास्तर झालो. आमच्याकडे मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, बिघडलेलं मशीन दुरुस्त करणारा आणि कारागिरांवर लक्ष ठेवणारा. राजधर कारागीरच राहिला. म्हणजे हिशेबाने त्याने माझ्यावर जळायला हवं होतं. पण झालं उलटं. माझं नाव सुकलाल. या नावाच्या माणसाच्या पुढे वीतभर पोट चालू लागलं की लोक काय काय बोलतात ते मी ऐकलंय. राजधर माझ्या शेजारून जायचा तेव्हा त्याचा शर्ट पोटाशी सपाट असायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाचा शर्ट इतका सपाट असू नये, असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं.

आमची घरं एका ओळीत, मध्ये एकच भिंत. सकाळी पाचला त्याच्या मोरीत तांब्याचा आवाज व्हायचा आणि मग दाराची कडी. तो कॅनॉलच्या कडेच्या मोकळ्या जागेवर जायचा. आधी झपझप चालणं, मग जोर, मग बैठका. रातपाळीचा आठवडा असला की सात वाजता कारखान्यातून सुटून थेट तिकडेच, आणि मग घरी येऊन झोप. माझी बायको त्या कडीच्या आवाजाने जागी व्हायची आणि मला कोपराने ढोसायची.

"आवो, देखा जरा त्या राजधर भाऊकडे. तुमनाच वयना शेतस ना?"

सकाळी उठल्या उठल्या परक्या पुरुषाचं कौतुक ऐकावं लागणं हे कोणत्याही नवऱ्याला न सोसणारं आहे. मी कूस बदलायचो.

त्याचा व्यायाम कॅनॉलवर संपायचा नाही हे तर अजून वाईट. लूमवर तार तुटली की मशीन थांबतं, आणि कारागिराने वाकून ती जोडायची असते. आम्ही सगळे कमरेत वाकून जोडायचो, म्हणून चाळिशीनंतर आमच्या कमरा धरायच्या. राजधर वाकायचा नाही. तो पूर्ण खाली बसायचा, तार जोडायचा आणि सरळ उठायचा. प्रत्येक तुटलेल्या तारेमागे एक बैठक. सुताचं बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मोठा रूळ, खराब निघालं की तारा सारख्या तुटतात, मशीन बंद राहतं, मजुरी बुडते. सगळ्या कारखान्यात शिव्या चालू व्हायच्या. राजधर मात्र मशीनवरून हात फिरवून म्हणायचा, "आज बीम कच्चं शे. बैठका वाढतीन." मी मास्तर असल्यामुळे त्या बीमबद्दल शेठच्या शिव्या मला खाव्या लागायच्या, आणि हा तिकडे गाळ्यात, म्हणजे दोन मशीनांमधल्या बोळात, ऊठबस करतोय, चेहऱ्यावर समाधान! अशा वेळी पान्हा फेकून मारावासा वाटायचा.

आमच्या ओळीतले तरुण आरशावाल्या जिममध्ये नाव घालायचे, पंधरा दिवस दंड दाखवत फिरायचे आणि मग गळायचे. त्यातला एक जण एकदा राजधरला विचारायला आला. "काका, मोटिव्हेशन ही नही रहता. आप का कैसे रहता है?" राजधर तेव्हा ओट्यावर बसून भाकरीबरोबर कांदा खात होता. त्याला मोटिव्हेशन म्हणजे काय ते मी सांगितलं, मन लागणं.

"मन लागस का नही हाई कोन इचारस?" तो म्हणाला. "कारखानामा जावाले मन व्हस का रोज? तरी जातस ना आपन? खाडा पडाले नको, बस."

खाडा हा त्याचा शब्द. कामावर गेलो नाही की खाडा पडतो, हे सुरतेत मराठी, गुजराती, उडिया सगळ्यांना कळतं. राजधरने तो शब्द कारखान्यातून उचलून अंगाला लावला होता. उत्साह, निश्चय, संकल्प असलं काही तो बोलायचा नाही. मन नसेल तर मन घरी ठेव आणि पाय घेऊन जा, एवढंच त्याचं सांगणं. ते ऐकायला इतकं सोपं होतं की मला त्याचा रागच यायचा.

त्याच्या पोरीच्या लग्नात मी गावी गेलो होतो. मनात म्हटलं, आज पडतो याचा खाडा. रात्रभर पाहुण्यांची ऊठबस, वरातीची गडबड, कोणाला झोप नाही. पहाटे उजाडत असताना मुलाकडचे व्याही तोंड धुवायला मांडवामागे गेले. पाहतात तर वधूपिता नव्या धोतराचा काचा मारून, अंगात बनियन, बैठका घालतोय! व्याही बिचारे सज्जन. त्यांना वाटलं, मानपानात काही राहिलं म्हणून मुलीचा बाप स्वतःला शिक्षा करून घेतोय. त्यांनी धावत येऊन त्याचे खांदे धरले.

"पाटील, आमनं काही चुकनं का?"

"चुकनं नही काही," राजधर धापत म्हणाला. "पन्नास बाकी शेतस. बठा तोवर."

व्याही खरंच बसले. पन्नास होईपर्यंत एका खाटेवर मुकाट बसून राहिले. ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात, आणि ऐकणारे हसत हसत राजधरचंच कौतुक करतात. मी हसायचो, पण ते पोटातलं हसू नव्हतं.

एवढं जळत होतो तर मी स्वतः का उठलो नाही, असं कोणी विचारेल. उठलो होतो. माझी साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून माझे तळपाय दाबून पाहिले. पायांत मुंग्या यायला लागल्या होत्या, टोचलेलं नीट कळत नव्हतं. "मास्तर, चाला," ते म्हणाले, "नाहीतर पाय सांभाळणं अवघड होईल." दुसऱ्या कोणाला ते वाक्य साधं वाटलं असतं. माझ्या बापाचा पाय साखरेमुळेच कापावा लागला होता. शेवटची तीन वर्षं त्याने खाटेवर काढली आणि प्रत्येक कामाला आईला हाक मारली. मी घाबरलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि तिने मला काही न विचारता राजधरला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाचला माझ्या दारावर थाप. "सुकलाल, ऊठ रे भो."

मी पांढरे बूट घेतले होते, पट्ट्यापट्ट्यांची पँट घेतली होती. राजधर अनवाणी. चार दिवस गेलो. तो बोलत नसे, पुढे चालायचा, आणि मी मागे राहिलो की थांबून कॅनॉलच्या पाण्याकडे बघायचा, म्हणजे मला लाज वाटू नये. ते थांबणंच मला झोंबायचं. पाचव्या दिवशी मी त्याला म्हटलं, तू हो पुढे, मी माझ्या चालीने येतो. तो पुढे गेला आणि मी डावीकडे वळून लोचोच्या गाडीवर जाऊन बसलो.

त्यानंतर माझा तोच क्रम झाला. गरम लोचो, म्हणजे चणाडाळीचं वाफवलेलं मऊ सुरती खाणं, वरून तेल, शेव, कांदा. परत येताना सार्वजनिक नळावर तोंडावर आणि पाठीवर पाणी मारायचं, म्हणजे घामासारखं दिसतं. आठवडाभर हे चाललं. बायको खूश होती. मग एका सकाळी खाता खाता मान वर केली तर रस्त्याच्या पलीकडे राजधर उभा. आमची नजरानजर झाली. तो वळून चालू लागला.

मी दिवसभर वाट पाहिली. तो बायकोला सांगेल, कारखान्यात सांगेल, निदान मला तरी चार शब्द सुनावेल. त्याने कोणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही पाचला माझ्या दारावर थाप पडली, कालच्यासारखीच. मी श्वास रोखून पडून राहिलो. थापा रोज पडत राहिल्या आणि मी रोज झोपेचं सोंग घेत राहिलो. कांद्याच्या वासावरून बायकोने पुढे सगळं ओळखलं, ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून माझी एकच इच्छा उरली होती. माझी साखर राहू दे तशीच, पण या माणसाचा एक दिवस, फक्त एक दिवस, खाडा पडू दे.

आता जे घडलं ते सांगायला मला लाज वाटते.

लूमच्या खात्यात बोललेलं ऐकू येत नाही. शेकडो मशीनं एकदम धडधडत असतात, त्यामुळे आम्ही ओठांवरून आणि हातांवरून बोलणं ओळखतो. त्या सकाळी गाढ झोपेत मला दारावरची थाप ऐकू आली नव्हती. राजधर सातच्या पाळीलाही आला नव्हता. साडेआठच्या सुमाराला चहावाले कांतीभाई किटली घेऊन आले आणि दोन मशीनांपलीकडून मला काहीतरी ओरडून सांगू लागले. त्यांच्या मिशा ओठांवर आलेल्या. मला तीनच शब्द वाचता आले. राजधर, खाडो, पड्यो.

राजधरचा खाडा पडला!

काय सांगू, माझ्या अंगात विशीतला सुकलाल संचारला. मी गाळ्यागाळ्यातून फिरलो. प्रत्येक कारागिराला खुणेने सांगितलं. राजधर म्हणून त्याच्यासारखी मिशी पिळून दाखवायची, मग दोन्ही हात उलटे करून खाडा दाखवायचा, मग गालाखाली हात धरून झोपला म्हणून दाखवायचं. काही जण हसले, मला आणखी चेव आला. कांतीभाईंना मी सगळ्या खात्यासाठी चहा सांगितला, माझ्याकडून. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मला वेड लागलंय. शेवटी त्यांनी माझा दंड धरून मला बाहेर जिन्यात ओढलं, जिथे ऐकू येतं.

"मास्तर, राजधरभाई खाडामां पड्या. पग भांग्यो छे. तमे चा शेनी पिवडावो छो?"

गुजरातीत खाडो म्हणजे खड्डाही. कॅनॉलच्या रस्त्यावर गटारीसाठी खणलेलं होतं, पहाटे अंधूक होतं, आणि राजधर त्यात पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. इतकी वर्षं सुरतेत काढलेल्या मला तो शब्द माहीत नव्हता असं नाही. पण मला जे हवं होतं तेच मी वाचलं. खात्यात परत जाऊन ती बातमी मला पुन्हा एकदा प्रत्येक गाळ्यात सांगावी लागली, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

ऑपरेशन झालं, आत सळई घातली. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. वाटेत मनाची तयारी केली होती की तो रडत असेल, मी धीर देईन. अगदी खरं सांगायचं तर, आता आपण दोघं सारखे झालो असंही कुठेतरी वाटत होतं. पडदा बाजूला केला तर राजधर पडल्या पडल्या पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली करत होता. मला पाहिल्यावर त्याने त्या खाली ठेवल्या.

मी चहाची गोष्ट सांगायला तोंड उघडलं. त्याला कोणीतरी आधीच सांगितली होती. त्याने हात हलवून मला थांबवलं.

"सुकलाल, मनं एक काम करशी?"

"सांग ना."

"कारखानामा मनी जागावर बदलीवाला उना. पन कॅनॉलवरला मना गाळा रिकामा पडेल शे. तठे तू उभा ऱ्हाय."

मला आधी कळलंच नाही. आमच्याकडे कारागीर गावी गेला किंवा आजारी पडला की आपल्या जागी दुसऱ्याला उभा करून जातो. त्याला बदलीवाला म्हणतात. मशीन चालू राहतं, जागा जात नाही, आणि खाडाही पडत नाही. राजधरला बैठकांना बदलीवाला हवा होता. तो विनोद करत नव्हता. त्याने माझा हात धरला होता.

"मना खाडा पडू देऊ नको," तो म्हणाला.

चहा पाजून आलेला माणूस नाही कसं म्हणणार? मी विचारलं, किती घालायच्या.

"बदलीवालाले पहिलेच दिन आठ मशीन कोनी देस का? तू दोनपाईन सुरू कर."

दोन! त्या दोनने माझं टाळकं फिरलं. दुसऱ्या दिवशी पाचला मी कॅनॉलवर गेलो आणि रागारागात बारा बैठका घातल्या. नंतर दोन दिवस मला जिना उतरताना उलटं उतरावं लागलं. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. माझं स्वतःचं काम असतं तर मी नक्की पडून राहिलो असतो. पण हे माझं नव्हतंच. मी त्याच्या जागेवर उभा होतो. बदलीवाल्याने खाडा केला तर बदनामी होते ती मूळ कारागिराची, आणि राजधरला बदनाम करायची माझी हौस त्या चहाने पुरती भागली होती. गेलो. अशा रीतीने रोज जात राहिलो. संध्याकाळी त्याच्या खाटेपाशी जाऊन आकडा सांगायचा. तो डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "खाली पुरा बठना का अर्धाच?" मी अर्धाच बसलेलो असलो की त्याला आवाजावरून कळायचं.

मत्सरानेही मला पुष्कळ उठवलं, हेही लिहून ठेवतो. वीस झाल्या तेव्हा वाटलं, याला तीस सांगितल्या तर तोंड कसं होईल? म्हणून तीस घातल्या. मंडळाच्या अंकात असलं लिहीत नाहीत, पण मला तरी उठायला हेच कारण पुरलं. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. डॉक्टरांनी माझे तळपाय पुन्हा दाबले, टोचून पाहिलं, आणि या वेळी मी "आई गं" म्हणालो. ते हसले. एक गोळी कमी केली. मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि माझ्या दोन्ही पायांकडे बराच वेळ बघत राहिलो.

बायकोने देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, "राजधर भाऊनी कृपा शे." पाय माझे, घाम माझा, आणि कृपा त्याची! जळणं काही लगेच विझत नाही.

राजधर वॉकर घेऊन चालायला लागला, मग काठी आली. पण डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, उकिडवं बसायचं नाही, कधीच नाही. म्हणजे तारा जोडणं संपलं, लूम संपला. मुलगा गावी शेतीला होता. तो न्यायला आला. जायच्या आदल्या सकाळी राजधर म्हणाला, मला कॅनॉलवर घेऊन चल. मी त्याला रिक्षाने नेलं आणि एका दगडावर बसवलं.

मी चाललो, जोर काढले, मग त्याच्यासमोर बैठका सुरू केल्या. तो मोजत होता. साठाच्या पुढे गेलो तरी मला दम लागला नाही. मी पूर्ण खाली बसत होतो, सरळ उठत होतो, आणि खरं सांगतो, त्याच्यादेखत घालताना मला फार आनंद होत होता. किती वर्षांनी मी त्याच्या पुढे होतो! सत्तरच्या आसपास त्याचं मोजणं थांबलं. मी पाहिलं. तो माझ्या पायांकडे बघत होता. ओठ घट्ट मिटलेले, एक हात आपल्या मोडलेल्या मांडीवर, आणि नजर अशी की माझं खाली जाणं तिथेच अडलं. ती नजर ओळखायला मला वेळ लागला नाही. अकरा वर्षं मी त्याच्याकडे त्याच नजरेने बघत होतो.

माझं लक्ष गेलंय हे त्याला कळलं. त्याने मान वळवून पाण्याकडे पाहिलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सुकलाल, तुना गुडघा वाजत नही का रे?"

मी खाली बसलो, त्याच्या दगडाला टेकून.

"वाजस ना," मी म्हणालो. "दोन्ही वाजतस. रोज रातले ठणकतस. कोनले सांगू?"

"हां!" त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो माझ्याकडे सरकला आणि मला समजावून सांगू लागला की तिळाचं तेल कोमट करायचं, वरून खाली नाही, खालून वर चोळायचं, आणि बायकोला नको सांगू, ती जोरात दाबेल. बराच वेळ तो सांगत राहिला. मी हूं हूं करत दोन्ही गुडघे चोळत राहिलो. माझे गुडघे ठणठणीत होते.